वर्षाची बेगमी आणि शुक्रवारचं साधं जेवण

वसईच्या अनेक कॅथलिक घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं दिसतात. एक 'कालनिर्णय' आणि दुसरं चर्चमधून मिळालेलं, ज्यावर संतांचे सण, उपवासाचे दिवस आणि प्रत्येक रविवारचं चर्चमधलं नाव छापलेलं असतं. दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख पहिल्यावर लिहिली जाते. चुलीवर काय चढणार हे मात्र बऱ्याच अंशी दुसरं ठरवतं. मटण कधी आणायचं नाही, केकचं सामान कधी भरायचं, घरातलं लग्न कोणत्या दिवसांत धरायचं नाही, हे सगळं त्यात आहे.

आठवड्याचा स्वयंपाक कसा आखावा, याची चर्चा आज घरोघरी चालते. नवरा-बायको दोघंही विरार लोकल पकडतात, मुलांचे क्लास, आजी-आजोबांची औषधं, आणि त्यात दोन वेळचं जेवण. चर्चा गरजेचीच आहे. पण ख्रिस्ती घराला ही आखणी बाहेरून आणायची फारशी गरज नाही, असं मला मनापासून वाटतं. चर्चचं वर्ष आणि किनाऱ्यावरचा पाऊस या दोघांनी मिळून ती आपल्या आज्या-पणज्यांना शिकवली होती. तिच्यात रोजचं जेवण साधं होतं आणि सणाचं जेवण आधीपासून तयारी करून केलेलं. पुढे आपण रोजच्या ताटातही सणाचे पदार्थ मागू लागलो आणि तयारी मात्र सोडून दिली. घरातल्या बाईची दमछाक तिथून सुरू झाली.

आधी शुक्रवार घेऊ. कॅथलिक धर्मसभेच्या 1983च्या कायदेसंहितेप्रमाणे वर्षातला प्रत्येक शुक्रवार प्रायश्चित्ताचा असतो. त्या दिवशी मांस वर्ज्य, किंवा त्या देशाच्या बिशप परिषदेने ठरवून दिलेली दुसरी काही तपस्या. भस्म बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी मांस तर नाहीच, शिवाय उपवास. मांसाचा नियम 14 वर्षं पूर्ण झालेल्यांना लागू होतो, उपवासाचा 18 पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. आजारी माणूस, गरोदर बाई यांना सूट. आणि उपवास म्हणजे निर्जळी नव्हे. दिवसातून एकदा पोटभर जेवायचं आणि बाकी दोन वेळा थोडंसं काही पोटात घालायचं, दोन्ही मिळून एका जेवणाइतकं होऊ नये एवढं.

मासे या नियमात मांस धरले जात नाहीत, आणि नेमकी इथेच गफलत होते. शुक्रवारी मटण नाही म्हणून पापलेट किंवा सुरमई आणली, भरपूर मसाला लावून तळली, सोबत कोलंबीचं कालवण केलं, तर नियमाचा शब्द पाळला गेला. पण खर्चही वाढला आणि कामही. मासे साफ करण्यापासून तव्याच्या तेलकट वाफेपर्यंत सगळं घरातल्या एकाच माणसाच्या वाट्याला आलं. मुंबईच्या बाजारात शुक्रवारी मासळी तशीही चढ्या भावाची, कारण बुधवार, शुक्रवार, रविवार हे अनेक हिंदू शेजाऱ्यांचेही मासे खायचे वार. शुक्रवारी साधं जेवायचं ते स्वतःसाठी कमी घेऊन दुसऱ्याला देता यावं म्हणून. यशया संदेष्ट्याने खरा उपवास कोणता ते सांगताना भुकेल्याला आपल्या भाकरीत वाटेकरी करण्याचं नाव घेतलं आहे. म्हणून शुक्रवारचं जेवण स्वस्त असलं पाहिजे, पटकन होणारं असलं पाहिजे, आणि वाचलेले पैसे खरोखरच वेगळे काढून ठेवले पाहिजेत.

असं जेवण आपल्याकडे आहेच. वालाचं बिरडं आणि भात. वाल बुधवारी रात्री पाण्यात पडले, की गुरुवारी फडक्यात बांधून ठेवायचे आणि शुक्रवारी सोलायचे. सोलायला ताटाभोवती घरातली सगळी बसली तर पंधरा मिनिटांचं काम, एकटीने करायचं तर कंटाळवाणं. किंवा सुका जवळा कांद्यावर परतून, वर थोडी चिंच, आणि तांदळाची भाकरी. किंवा नुसती पेज, भाजलेला सुका बोंबील आणि खारातली कैरी. केरळातल्या ख्रिस्ती घरांत गुड फ्रायडेला कांजी आणि हिरव्या मुगाची उसळ असते, आणि अनेक चर्चमध्येही आलेल्या सगळ्यांना तीच वाढतात. तिथल्या सिरो-मलबार पंथात ईस्टरआधीचा मोठा उपवास 50 दिवसांचा धरतात. इतके दिवस घरात मांस शिजणार नाही हे आधीपासून ठाऊक असलं, की बाजारहाट, मुलांचे डबे, पाहुण्यांचं बोलावणं सगळं त्या मानाने आखलं जातं.

आपल्याकडे प्रायश्चित्तकाळ भस्म बुधवारी सुरू होतो आणि ईस्टरला संपतो. मोजले तर 46 दिवस भरतात. मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून 40. या काळात सात शुक्रवार येतात, शेवटचा गुड फ्रायडे. भस्म बुधवार धरून आठ दिवस झाले. आठ साध्या जेवणांची यादी करायला एक संध्याकाळ पुरते, आणि ती यादी दरवर्षी तीच असली तरी काही बिघडत नाही. उलट मुलं मोठी झाल्यावर ज्या जेवणांची आठवण काढतात त्यांत ही ठरलेली जेवणं असतात. प्रायश्चित्तकाळात लग्नाचे थाट टाळायचे ही रीतही घराला उपकारक आहे. लग्नं नाताळानंतर किंवा ईस्टरनंतर धरली जातात, त्यामुळे निदान सहा-सात आठवडे आहेर, मेजवान्या आणि जागरणं यांपासून घराला आणि पाकिटाला विसावा मिळतो.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, म्हणून नियोजन करणाऱ्यांना ती अडचणीची वाटते. हिशेब मात्र सोपा आहे. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्यामध्ये कुठेही पडू शकतो. ही पौर्णिमा बहुतेक वर्षी आपली चैत्री पौर्णिमा असते. 2026 मध्ये हनुमान जयंती 2 एप्रिलला, गुड फ्रायडे 3 तारखेला आणि ईस्टर 5 एप्रिलला, असे तिन्ही एकाच आठवड्यात आले. कधी ईस्टर लवकर आला तर तो होळीच्या मागोमाग येतो. 2024 मध्ये तसंच झालं होतं. शेजारच्या घरातली पुरणपोळी आणि आपला उपवास कधी एकत्र येणार, हेही मग आधी कळतं.

ईस्टर झाला की किनाऱ्यावर आगोटीची घाई सुरू होते. पावसाआधी घर भरून ठेवायची ही रीत कोकणपट्टीवरच्या सगळ्याच जातीधर्मांची. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी असते, आणि बंदी नव्हती तेव्हाही खवळलेल्या दर्यात होड्या जात नव्हत्या. म्हणजे निदान दोन महिने ताजी मासळी कमी, आणि शुक्रवार तर दर आठवड्याला येणारच. अर्नाळा-नायगावच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळताना दिसतात, ते या दिवसांसाठी. बोंबील, जवळा, सुकवलेले बांगडे, नवी चिंच, वाल, तांदूळ, मीठ, लोणचं, आणि वसईच्या राजेळी केळ्यांची सुकेळी, एवढं घरात असलं की पावसात भिजत बाजार गाठायची वेळ येत नाही.

या बेगमीचा राजा म्हणजे बॉटल मसाला. मुंबई, साष्टी, वसईच्या ख्रिस्ती घरांत तो एप्रिल-मेच्या कडक उन्हात होतो, आणि वर्षभर पुरतो. मिरच्यांचे दोन-तीन प्रकार लागतात: काश्मिरी रंगासाठी, दुसरी तिखटासाठी. देठं खुडायची आणि चांगली कडकडीत होईपर्यंत अनेक दिवस उन्हात फिरवायची. मग हळद, धने, जिरं, मोहरी, तीळ, खसखस, मिरी, लवंग, दालचिनी, वेलची, जायफळ, जायपत्री, नागकेशर, दगडफूल, आणि यांच्या जोडीला गहू आणि चण्याची डाळ. घराघराचं प्रमाण वेगळं, जिन्नस वीसच्या वर. प्रत्येक जिन्नस निराळा भाजायचा, कारण खसखस भाजायला लागणाऱ्या वेळात धने कच्चे राहतात आणि धन्यांच्या वेळात खसखस जळते. पूर्वी मसाला कांडणाऱ्या बायका घरोघरी येत, उखळात मुसळांचे घाव पडत, अंगणभर ठसका उठे. आता बहुतेक जण डंकावर कुटून आणतात. मग चाळायचा, आणि बिअरच्या गडद तपकिरी बाटल्यांत काठीने ठासठासून भरायचा. ठासायचं यासाठी की आत हवा राहू नये. बाटली गडद यासाठी की उजेडाने रंग आणि वास उडू नये.

यातले गहू आणि डाळ मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. ते भाजून कुटलेले असल्यामुळे कालवणाला आपोआप दाटपणा येतो. म्हणजे जूनच्या एखाद्या संध्याकाळी साडेसातची गाडी उतरून घरी आलेल्या माणसाला वाटण वाटायची गरज नाही. कांदा, लसूण, एक-दीड चमचा मसाला, बटाटा किंवा दुधी किंवा अंडी, चिंचेचं पाणी, मीठ. अर्ध्या तासात कालवण तयार. मे महिन्यातल्या आठवडाभराच्या कष्टांनी वर्षातल्या शेकडो संध्याकाळी हलक्या केल्या. आज बाजारात तयार पाकिटं मिळतात, आणि ज्याला मसाला करणं जमत नाही त्याने ती जरूर घ्यावीत. पण दोन-तीन घरांनी मिळून करायला घेतलं तर तो अजूनही परवडतो आणि जमतो, आणि मुलांना आपल्या जेवणाची मुळं हाताने कळतात.

इथे एक जुना प्रश्न येतो. ख्रिस्ताने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण आजच्या दिवसापुरती भाकर मागतो. उद्याची चिंता करू नका, असंही त्याने सांगितलं. मग वर्षभराच्या बाटल्या भरून ठेवणं हे विश्वासाला धरून आहे का? मला याचं उत्तर निर्गमच्या सोळाव्या अध्यायात दिसतं. वाळवंटात इस्राएली लोकांना मान्ना मिळे, तो माणशी एक ओमेर एवढाच गोळा करायचा होता. हावरेपणाने दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेल्यात किडे पडले. पण सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायला सांगितलं, आणि तो दुसऱ्या दिवशीही चांगला राहिला, कारण सातवा दिवस विश्रांतीचा होता. साठवणं तेच, एकदा भीतीपोटी केलेलं, एकदा विसाव्यासाठी. पहिल्याची घाण झाली, दुसऱ्याचं जेवण झालं. योसेफाने इजिप्तमध्ये सुकाळाच्या सात वर्षांत पीक साठवलं ते उपाशी माणसांना खायला मिळावं म्हणून. घरातली बेगमी या कसोटीवर तपासावी. पावसाळ्यात शेजाऱ्याच्या घरी आजारपण आलं तर आपल्या डब्यातून चार बोंबील आणि वाटीभर वाल निघतात की नाही?

सहाव्या दिवसाचा हा मान्ना रविवारच्या स्वयंपाकाला थेट लागू पडतो. अनेक घरांत रविवार हाच सगळ्यात दमवणारा वार झालेला आहे. सकाळची मिस्सा, तिथून परस्पर मटणाच्या किंवा डुकराच्या मांसाच्या रांगेत, घरी आल्यावर वाटणघाटण, दोन वाजता जेवण, चार वाजता भांडी. विश्रांतीचा वार ज्या घरात एकाच माणसाला विश्रांती देत नाही, त्या घराने शनिवारी काम हलवलं पाहिजे. मांस शनिवारी आणून, मीठ-हळद-आलं-लसूण लावून ठेवायचं. कांदा चिरलेला, नारळ खवलेला. रविवारी मिस्सेहून आल्यावर कुकर चढवायचा. एक कालवण, भात, काकडी-कांदा. तळण आणि गोड पदार्थ सणासाठी राखून ठेवावेत. दर रविवारी तळलेल्या फुग्या झाल्या तर ईस्टरला काय करणार?

लूकच्या शुभवर्तमानातली मार्था आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. येशू घरी आला, मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसली आणि मार्था स्वयंपाकात इतकी गुंतली की शेवटी तिने पाहुण्याकडेच बहिणीची तक्रार केली. प्रवचनांत मार्थाला बहुधा बोल लागतो. मला तिची बाजू घ्यावीशी वाटते, कारण तिने रांधलं नसतं तर सगळे उपाशी राहिले असते. तिच्या वाट्याला आलेलं काम कमी कसं होईल, हा विचार घराने करायचा असतो. 2021 पासून कॅथलिक दिनदर्शिकेत 29 जुलै हा एकट्या मार्थाचा न राहता मार्था, मरिया आणि त्यांचा भाऊ लाजरस अशा तिघांचा स्मरणदिन झाला. ज्या घरात लाजरस कांदे चिरतो, त्या घरात मार्थालाही पायाशी बसून ऐकता येतं.

आपले सणाचे पदार्थ तर मुळातच आधी करून ठेवायचे. वसई 1534 ते 1739 पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. त्या काळात व्हिनेगर घालून मांस शिजवायची पद्धत आपल्या चुलीवर आली आणि आपल्या मिरची-मसाल्यात मुरली. इंद्याल असो वा सरपटेल, आंबटपणामुळे ते लवकर खराब होत नाही, आणि दोन दिवस मुरल्यावर चव वाढते. 23 डिसेंबरला शिजवलेलं सरपटेल नाताळच्या दुपारी नुसतं गरम करायचं. मध्यरात्रीच्या मिस्सेवरून आलेल्या घराला सकाळी झोपता यावं याची सोय या पाककृतीतच आहे. फराळाचंही तसंच. आगमनकाळ 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांमधल्या रविवारी सुरू होतो आणि नाताळाआधी चार रविवार मिळतात. पहिल्या रविवारपर्यंत केकचा सुका मेवा चिरून रममध्ये किंवा संत्र्याच्या रसात भिजत घालावा (रस असेल तर फ्रिजमध्ये, आणि अगदी शेवटच्या आठवड्यात). दुसऱ्या रविवारी कलकल, तिसऱ्या रविवारी करंज्या, चौथ्या आठवड्यात केक. कलकलला लहान मुलं हवीतच. पिठाची सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची, अंगठ्याने पसरायची आणि गुंडाळत सोडवायची, म्हणजे तिच्यावर शंखासारख्या रेघा उमटतात. सहा वर्षांच्या मुलाला ते जमतं, आणि त्याची एकदा लय लागली की परातभर कलकल संध्याकाळभरात होतात.

सगळेच ख्रिस्ती लोक शुक्रवारचा हा नियम पाळत नाहीत, हेही सांगायला हवं. 1970 मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चच्या मंडळ्यांत प्रायश्चित्तकाळाच्या (लेंटच्या) उपासना होतात, उपवास मात्र ज्याच्या त्याच्या इच्छेवर. अहिल्यानगर, म्हणजे जुन्या अहमदनगरच्या बाजूच्या ख्रिस्ती घरांत ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी हे जेवण मुळातच साधं. आणि घर कसं चालतं, पाहुण्यांनी भरलेल्या घरात दिवस कसे काढले जातात, हे मराठीत लक्ष्मीबाई टिळकांइतकं कुणी लिहिलेलं नाही. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' 1934 पासून चार भागांत आलं. त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या हाती पैसा टिकत नसे. घरात आलेल्या-गेलेल्यांचा राबता. बालकवी ठोंबरेही अहमदनगरला त्यांच्याकडे राहिले. अशा घरात पंचपक्वान्नांचा आग्रह धरला असता तर दार बंदच ठेवावं लागलं असतं. जेवण साधं होतं म्हणून दार उघडं राहू शकलं. ज्या घरी पाहुणा आला की चार भाज्या, तळण, गोड झालंच पाहिजे असा दंडक असतो, तिथे हळूहळू पाहुणा नकोसा होतो, आणि ख्रिस्ती घराला ते शोभत नाही. पुनरुत्थानानंतर येशूने तिबेरियाच्या किनाऱ्यावर शिष्यांसाठी जे केलं होतं ते निखाऱ्यावरचे मासे आणि भाकर, एवढंच.

तेव्हा आठवड्याची यादी करताना काय करावं? शनिवारी रात्री, जपमाळ किंवा कौटुंबिक प्रार्थना झाल्यावर सगळी बसलेलीच असतात, तेव्हाच करावी. कागद एकच, कॅलेंडरखाली टाचलेला. शुक्रवार आणि रविवार आधी भरावेत, कारण ते ठरलेले. उरलेल्या पाच वारांपैकी दोन वार डाळ-भात-भाजी, एक वार अंडी, एक वार बॉटल मसाल्याचं जे असेल त्याचं कालवण. कोण काय करणार, त्याचं नाव वारापुढे लिहावं. नाव लिहिल्याशिवाय काम आईकडेच जातं. उरलेल्या एका वारी आदल्या दिवसांचं उरलेलं संपवावं. येशूने पाच हजार लोकांना जेवू घातल्यावरही काही वाया जाऊ नये म्हणून तुकडे गोळा करायला सांगितलं होतं आणि बारा टोपल्या भरल्या होत्या. आपल्या फ्रिजमध्ये निदान दोन वाट्या तरी निघतात. आणि भाताचं माप घेताना रोज एक मूठ जास्त घ्यावी. कुणी आलं तर त्याचं जेवण झालं, कुणी नाही आलं तर सकाळी तो भात कांदा-मिरचीवर परतून डब्यात जातो.